अकरा मिनिटांचं अंतर

यादीत एकतीस घटना होत्या. पहिल्या नऊ त्याच्या आईने फोनवर सांगितलेल्या आणि त्याने उतरवून घेतलेल्या: पहिला दात, जिन्यावरून पडणं, गोवर, कपाळाला पडलेले दोन टाके, अशा. उरलेल्या बावीस त्याने स्वतः आठवून लिहिल्या होत्या. प्रत्येकीपुढे तारीख होती. सव्वीस तारखा कागदपत्रांवरून पक्क्या, पाचांपुढे ‘बहुतेक’ असा शेरा. कागद दोन, शाई एकच, खाडाखोड तीन ठिकाणी. सगळ्यात वर त्याची जन्मतारीख आणि जन्मवेळ: सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटं.

ही यादी घेऊन मी माझ्या आत्याकडे गेले, कारण त्याने मला लग्नाचं विचारलं होतं आणि मला उत्तर देता येत नव्हतं.

तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. मागच्या खोलीत बसून भिंगं घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. मी तापमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. फ्रेम तापवायच्या त्यांच्या यंत्राचा तापमापक आमच्याकडे तपासायला आला होता, तो घेऊन हाच आला. त्याला दोन वर्षं झाली. तो मला आवडतो हे मोजायची गरज नव्हती. अडत होतं ते एकाच गोष्टीवर. त्याला हाक मारली की तो लगेच ओ देत नसे. आधी थांबायचा, डोळे जरा डावीकडे वळवायचा, आणि मग ‘काय गं?’ म्हणायचा. विचारात असेल, कमी ऐकू येत असेल, असं आधी मी समजत होते. मग एकदा घड्याळ लावलं. अकरा वेळा मोजलं, सरासरी एक पूर्णांक आठ सेकंद निघाली. आपल्या आधी दुसरं कोणी ओ देतंय का, याची वाट पाहणाऱ्या माणसासारखा तो थांबायचा. ‘लग्न करू या का?’ असं त्याने विचारलं तेव्हा मी उलट विचारलं, ‘मीच का?’ तेव्हाही तो तसाच थांबला, डावीकडे पाहून.

आत्या टपाल खात्यातून निवृत्त झालेली. पत्रिका हा तिचा चाळीस वर्षांचा नाद.

“ये मोजपट्टी,” ती म्हणाली. घरात सगळे मला हेच म्हणतात. “भिंगवाल्याचं काय ठरलं?”

“त्यासाठीच आलेय. पत्रिका जुळवून दे.”

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. “तू? साध्या तापमापकावर विश्वास नसलेली तू?”

“तापमापकावर विश्वास ठेवायचा नसतो, आत्या. तो तपासायचा असतो.”

“म्हणजे आता माझी पत्रिकाही तपासणार?”

“हो.”

“अगं बाई. लग्न करायचंय की प्रबंध लिहायचाय?”

पण तिला बरं वाटलं होतं, कारण ती लगेच टेबल आवरायला लागली.

आत्याची रीत वेगळी आहे. दोन माणसांच्या पत्रिका ती लगेच शेजारी ठेवत नाही. आधी प्रत्येकाची जन्मवेळ खरी आहे का ते पाहते. लोक जन्मवेळ ठोकून देतात, असं तिचं म्हणणं. पृथ्वी फिरते, त्यामुळे पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो. आत्याच्या गणितात एक अंश म्हणजे आयुष्याचं एक वर्ष. जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली, तर घटना वर्षभराने चुकते. मग हेच गणित उलटं चालवायचं: घटनेची तारीख पक्की असेल, तर त्या तारखेला घटना घडायला जन्म कोणत्या मिनिटाला झाला असायला हवा, ते काढायचं. प्रत्येक घटनेचा आलेखाच्या कागदावर एक ठिपका. सगळे ठिपके जिथे गोळा होतात ती खरी जन्मवेळ. घटना कोणती धरायची, याचा तिचा नियमही साधा होता. ज्या दिवसाची तारीख माणूस विसरू शकत नाही, ती घटना.

मला वाटलं होतं, ठिपके कागदभर विखुरतील आणि आमचा प्रश्न हसण्यावारी जाईल. इतके ग्रह, इतके कोन. कुठल्याही तारखेला काही ना काही जुळणारच. म्हणून आधी मी तिला माझ्या चोवीस घटना दिल्या, कोणाच्या ते न सांगता. चोवीसही ठिपके माझ्या जन्मनोंदीतल्या वेळेभोवती एका मिनिटाच्या आत पडले. तिने मला ओळखलं असेल, असं मी समजले. मग संगणकाकडून एकतीस मनमानी तारखा काढून घेतल्या, त्यांपुढे कोणत्याही आयुष्यात शोभतील अशा घटना लिहिल्या आणि तो कागद तिच्यापुढे ठेवला. तासाभराने तिने पेन्सिल खाली ठेवली. ठिपके सगळीकडे होते.

“हा माणूस जन्मलेला नाही,” ती म्हणाली. “कोण आहे?”

“कोणी नाही.”

“तेच म्हणतेय.”

त्यानंतर मी त्याची यादी दिली. शनिवारची दुपार होती. तीन तास लागले. मी समोर बसून प्रत्येक आकडा दुसऱ्यांदा काढत होते. सव्वापाचला शेवटचा ठिपका पडला.

ढीग दोन होते. एक सहा वाजून चौदा मिनिटांवर, त्यात बावीस ठिपके. दुसरा सहा पंचवीसवर, त्यात नऊ. मधल्या अकरा मिनिटांत एकही नाही. आणि ते नऊ ठिपके म्हणजे बरोबर पहिल्या नऊ घटना होत्या, आईने सांगितलेल्या. शेवटची तो चार वर्षांचा असतानाची.

आत्या उठून हात धुऊन आली. “असं मी कधी पाहिलं नाही,” म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा नव्हता.

मला मात्र हायसं वाटलं. प्रयोगशाळेत असं रोज घडतं. एकाच तापमापकाची वाचनं दोघांनी घेतली की त्यांचे दोन गठ्ठे होतात. एक जण वरून बघतो, दुसरा खालून. निरीक्षक दोन, म्हणून ढीग दोन. नऊ तारखा त्याच्या आईच्या, बावीस त्याच्या. आईच्या तारखा ठरावीक अंतराने चुकलेल्या असणार. तिने जन्मवेळही भलत्याच घड्याळावरून सांगितली असेल. जाऊन विचारलं की काम झालं.

“जाऊ नकोस,” आत्या म्हणाली.

“का?”

“का ते माहीत असतं तर सांगितलं नसतं का?”

त्याची आई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. शिवणकाम करते. खिडकीशी मशीन, बाजूला कापलेल्या कॉलरचे गठ्ठे, दारामागे पाच खुंट्या: तीन वर, दोन खाली, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. खालच्या दोन्ही रिकाम्या. मी याआधी चार वेळा तिथे गेले होते, पण त्याच्याशिवाय पहिल्यांदाच. ती त्याला ‘धाकट्या’ म्हणते. एकुलता एक मुलगा आणि म्हणे धाकट्या! मी त्यावरून त्याला बरंच चिडवलं होतं.

“एकटीच?” तिने विचारलं. “भांडलात की काय?”

“नाही हो काकू. एक शंका होती. याची जन्मवेळ तुम्ही सहा पंचवीस सांगितली. ती कुठल्या घड्याळाची? म्हणजे, सहा चौदा असण्याची शक्यता आहे का?”

मशीनचं चाक फिरत होतं. तिने त्यावर तळहात ठेवला आणि ते थांबलं.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. गणितात आलं. काही घटना सहा चौदाला बसतात आणि काही…”

“ती दाई तर कधीच वारली,” ती म्हणाली. “आणि याच्या बाबांनाही माहीत नव्हतं. कोणी सांगितलं?”

मी कागद काढून दाखवला. ती निरक्षर नव्हती, पण आलेख तिला कळला नसावा. तरी तिने दोन्ही ढिगांवर एकेक बोट ठेवलं, अगदी बरोबर मधोमध.

“हा थोरला,” तिने सहा चौदावर बोट दाबलं. “आणि हा माझा धाकटा.”

पुढचं तिने धावदोरा घालावा तसं, न थांबता सांगितलं. जुळे होते. अकरा मिनिटांच्या अंतराने झाले. चार वर्षांचे असताना धाकट्याला ताप आला आणि सहाव्या दिवशी तो गेला. नवरा बोटीवर होता, सात महिन्यांनी परतणार होता. तोपर्यंत घरात एकच मूल होतं आणि त्याचं नाव ठरवणं तिच्या हातात होतं.

“दोघांत मला तोच हवा होता,” ती म्हणाली. “आई असं म्हणते का? मी म्हणते. थोरला शहाणा होता, मुकाट होता. तो धाकटा… तो माझ्या पदरातच असायचा. मग मी याला त्याच्या नावाने हाक मारायला लागले. चार वर्षांचं पोर. सात दिवस नुसता बघत राहायचा, इकडे तिकडे, तो कुठून येतोय का म्हणून. आठव्या दिवशी ओ दिली.”

मला तो एक पूर्णांक आठ सेकंदांचा थांबा आठवला. त्या क्षणी तो मला कळला, आणि मला वाटलं, बस, एवढंच होतं.

“आणि काकांना काय सांगितलंत?”

“थोरला गेला म्हणून. रडले. पण धाकटा आहे ना, म्हणाले.” तिने पुन्हा कागद ओढून घेतला. “माझा धाकटा यात अजून दिसतो?”

“त्या नऊ घटना त्याच्या आहेत. तुम्ही त्याच्याच सांगितल्यात.”

“नऊच?”

“हो.”

“नीट बघ ना गं. आणखी एखादा ठिपका नाही का त्याचा?”

नाही, असं मी म्हणाले. तिने कागद परत दिला, पण लगेच सोडला नाही.

आत्याने दोन्ही वेळा माझ्या पत्रिकेशी जुळवून पाहिल्या. सहा चौदावाला माणूस माझ्याशी उत्तम जुळत होता, थोडी कुरबुर, बाकी ठीक. सहा पंचवीसचा कागद तिने बराच वेळ हातात धरला.

“भांडण होणार का याच्याशी?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“भांडण नाही, ताटातूट नाही, काहीच नाही. यात तू नाहीसच, मोजपट्टी. हा तुला भेटतच नाही.” मग तिने तो कागद उलटा ठेवला. “ऐक माझं. तुझा माणूस सहा चौदावाला आहे. त्याच्याशी लग्न कर आणि तोंड शिवून बस. मेलेलं पोर कागदावर आहे, तिथेच राहू दे.”

“त्याला सांगायला नको?”

“कशाला?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण आमच्या प्रयोगशाळेत ते भिंतीवर लावलेलं आहे: ज्याचं उपकरण, त्याला निकाल. तपासणीत काहीही निघो, चांगलं की वाईट, प्रमाणपत्र मालकाच्याच हातात द्यायचं. मला लग्न त्याच्याशी करायचं होतं, सगळ्या माहितीसकट. तो कोण आहे हे मला ठाऊक आणि त्याला नाही, असं घर मला नको होतं. आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “तो काय तापमापक आहे?” मी हसले.

रविवारी सकाळी दुकान बंद असतं. तो मागच्या खोलीत राहिलेलं काम उरकत होता. चाक फिरत होतं, भिंगावर पाण्याची धार पडत होती. भिंतीलगत फळ्यांवर तयार चष्मे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, कागद त्याच्यापुढे धरून. त्याने चाक बंद केलं नाही.

“म्हणजे थोरला मी,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि धाकटा गेला.”

“हो रे.”

“त्याचे किती म्हणालीस?”

“नऊ.”

“आणि माझे?”

“बावीस. आता वाढतील की. आपलं लग्न धरलं तर तेवीस.” मी हसायचा प्रयत्न केला. “मी हो म्हणतेय, ऐकलंस का?”

त्याने भिंग उजेडात धरलं, पुसलं, पुन्हा धरलं. “मग त्याचं सगळं तसंच राहिलं की,” तो म्हणाला. कोणी न्यायलाच न आलेल्या चष्म्याबद्दल बोलावं, तसा आवाज. “सगळं शिल्लक आहे.”

“त्याचं नाही रे काही शिल्लक. तो चार वर्षांचा असताना…”

“तेच. शिल्लक आहे.”

मी त्याला नावाने हाक मारली, आईने दिलेल्या नावाने. त्याने ताबडतोब ओ दिली. माझं बोलणं संपण्याआधीच. डावीकडे पाहिलं नाही.

पहिले दोन दिवस मी खुशीत होते. ओझं उतरलं म्हणून तो थांबा गेला, असा माझा निष्कर्ष होता. तिसऱ्या दिवशी त्याचा वरचा दात तुटला, पाव खाताना. पाचव्या दिवशी त्याने उजवं भिंग डाव्या डोळ्याला बसवलं. नऊ वर्षांत पहिली चूक. मालक ओरडला. तो म्हणे नुसता उभा होता आणि स्वतःच्या हातांकडे पाहत होता, जणू ते हात त्याने कोणाकडून मागून आणलेत. सहाव्या दिवशीही तेच झालं. आठव्या दिवशी मालकाने मला फोन केला.

“ताई, त्याला झालंय काय?”

“का, काय केलं?”

“केलं काहीच नाही. येतो, बसतो. काल मला विचारतो, हे यंत्र कसं चालवायचं. मला वाटलं थट्टा करतोय. नऊ वर्षं माझ्याकडे आहे हो तो! आज काम सोडतो म्हणाला. म्हणाला, मी हे शिकलेलो नाही.”

नवव्या दिवशी तो आपली खोली सोडून आईकडे राहायला गेला. सांगितलं नाही, मी कुलूप पाहिलं. बाराव्या दिवशी बँकेने त्याची सही जुळत नाही म्हणून कागद परत केला. तेराव्या दिवशी त्याने फोन उचलला.

“काय रे, आहेस कुठे?”

“कोण बोलतंय?”

“अरे, मी.”

“हो, हो. बोला ना. तुम्ही आईकडे कपडे टाकले होते का?”

दोन वर्षांत त्याने मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी विचारलं, थट्टा करतोयस का? तो नम्रपणे म्हणाला, “नाही. आईला बोलावू का?” आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पाठीमागे मशीन जोरात चालू होतं आणि त्याची आई गुणगुणत होती.

त्या दिवसापासून मी तारखा लिहायला लागले, मागच्यासुद्धा. आत्याच्या नियमाने: ज्या विसरता येणार नाहीत तेवढ्याच.

तेविसाव्या दिवशी, दुपारी साडेचारला, मी तिकडे गेले. दार त्यानेच उघडलं. केस दुसऱ्या बाजूने विंचरलेले होते. चेहरा तोच, कपाळही तेच, गुळगुळीत. यादीत कपाळावर दोन टाके लिहिलेले होते आणि दोन वर्षांत मी त्या कपाळावर व्रण पाहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. एवढं जवळून पाहूनही मी ते कधी ताडून पाहिलं नव्हतं.

“आई, कोणीतरी आलंय,” त्याने आत सांगितलं. मग माझ्याकडे वळला. “बसा ना. आपण?”

त्याची आई बाहेर आली. दहा वर्षांनी तरुण दिसत होती. तिने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “त्याला उगाच काही आठवायला लावू नकोस हं. आत्ताच तर आलाय.”

“काकू, हा थोरला आहे. तुम्हीच सांगितलंत मला.”

“होता,” ती म्हणाली. “शहाणं पोर होतं. जागा धरून बसलं होतं इतकी वर्षं. तू त्याला सांगितलंस म्हणून उठलं. तुझे उपकार आहेत गं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाशी बसून बटणं निवडत होता, मोठी एकीकडे, लहान एकीकडे, ओठ जरा पुढे काढून. मी त्याला मी ठेवलेल्या नावाने हाक मारली, ‘ए भिंगवाल्या’. या हाकेला तो थांबून, डावीकडे पाहून, पण हसत ओ द्यायचा. मी वाट पाहिली. एक पूर्णांक आठ सेकंद झाले, दहा झाले, तीस झाले. त्याने बटणांतून डोकं वर केलं नाही. हाक कोणासाठी आहे, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

तिथून आत्याकडे येऊन मी तेवीस दिवसांतल्या घटना मांडल्या. अकरा भरल्या. अकराही तारखा पक्क्या, ‘बहुतेक’ एकही नाही. गणित मी तीनदा केलं. आत्याने वेगळ्या खोलीत बसून, माझे आकडे न बघता एकदा केलं. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले.

ठिपके अकरा. सहा चौदावर शून्य, सहा पंचवीसवर अकरा. माझ्या आणि आत्याच्या गणितातला सर्वांत मोठा फरक, चार सेकंद.